वाढप्याचं पान शेवटी

शिनचू, तैवान
१७ जानेवारी २०२१

अण्णा,

पायांवर डोकं ठेवतो. त्यापुढच्या रिवाजाच्या ओळी लिहिल्या आणि खोडल्या, तेव्हा त्या राहू द्या.

फोन तुम्ही घेत नाही. विमलवहिनी घेतात, तब्येत सांगतात, मग "हे इथंच बसलेत, देऊ का?" म्हणतात आणि मागं खाट करकरते. तुम्ही उठून गेलात हे मला एवढ्या लांबून कळतं. म्हणून कागद. त्याच्यापासून उठून गेलं तरी तो तिथंच राहतो.

मी ठीक आहे. इथं पाऊसपाणी चांगलं आहे. या बेटावर दरसाल वादळं येतात आणि तलाव भरून जातात. कारखान्यात चिपची नवी पिढी उभी करायचं काम जोरात चाललंय. दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीवर आलो होतो तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून विचारलं होतं, "पिढी म्हंजे काय बे धर्मा? यंत्राला लेकरं होतेत काय?" सगळे हसले, मीही हसलो आणि उत्तर राहून गेलं. मग सभा झाली आणि आपलं बोलणंच थांबलं.

ते उत्तर आता देतो. सिलिकॉनची ताटाएवढी चकती असते, आरशासारखी. तिच्यावर लेप देऊन प्रकाशानं रेघा उमटवायच्या, नको तो भाग कोरून काढायचा, धुवायचं, पुन्हा थर, पुन्हा लेप, पुन्हा रेघा. असं शेकडो वेळा. आत गेलेली चकती बाहेर यायला तीन-चार महिने लागतात. तेवढ्यात आपल्याकडं ज्वारी निघते. दर दोन-तीन वर्षांनी त्या रेघा आणखी बारीक करायच्या, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पण रेघ बारीक झाली की जुनं यंत्र चालत नाही, जुना लेप चालत नाही, पाणीसुद्धा जुनं चालत नाही. सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. त्याला पिढी म्हणतात. सुरुवातीला एका चकतीवर एकही चिप धड निघत नाही. मग थोड्या निघतात, मग अर्ध्या. उसाला आपण उतारा म्हणतो ना, तसाच हा उतारा. तो वाढवण्यात माणसांची वर्षं जातात. मी या पिढीच्या लाइनवर तिची पहिली भिंत उभी राहिली तेव्हापासून आहे.

माझ्याकडं कोणतं खातं आहे ते ठाऊक असून तुम्ही गावात कुणाला सांगत नाही, असं पंपावरचा इसाक म्हणाला. पाणी. चकती धुवायचं पाणी. बीड जिल्ह्यातून निघून मी जगात पाण्याच्याच नळाशी येऊन बसलो. हे पाणी इतकं स्वच्छ लागतं की त्यात पाण्याशिवाय काही चालत नाही, धुळीचा कणही नाही. म्हणून नाथांचा अंगारा मी फाटकाशीच पुसतो आणि घरी येऊन परत लावतो. रोज पुसताना माफी मागतो. नाथ समजून घेत असतील.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र तसाच आहे. सभेच्या संध्याकाळी तुम्ही विचारलात तो. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

धर्मराज

*

९ मार्च २०२१

अण्णा,

मागच्या पत्रातलं पाऊसपाण्याचं खरं नव्हतं. गेल्या साली या बेटावर एकही वादळ आलं नाही. तलावांचे तळ दिसायला लागलेत. दुष्काळाला दुष्काळ म्हणायचं मला जिवावर आलं होतं, कारण तुम्ही कागद वाचत असाल तर म्हणाल, जिथं जातो तिथं नेतो.

सरकारनं भाताच्या कालव्यांचं पाणी बंद केलंय. शेतकऱ्यांना पेरू नका म्हणून भरपाई दिली. ते पाणी गावांना आणि कारखान्यांना. म्हणजे मला.

आणि टँकर, अण्णा. आपल्याकडं टँकर गावात शिरला की बायका हंडे घेऊन पळतात. इथं टँकर खेड्यांतून निघतात आणि कारखान्याच्या फाटकात रांगेनं उभे राहतात. ड्रायव्हर खाली उतरून सिगारेट ओढतात, गप्पा मारतात, कोणी कोणाच्या अंगावर धावून जात नाही. मी ती रांग खिडकीतून बघतो आणि खुर्चीत बसवत नाही. परवा त्साई म्हणाली, "सर, तुम्ही आज इतक्यांदा उठलात की मलाच दमल्यासारखं झालं." त्साई म्हणजे माझ्या हाताखालची रसायनवाली. कॉलेजातून सरळ माझ्याकडं आली, पाण्याचं काम माझ्याकडंच शिकली. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून इथले लोक त्यांच्यावर हिरव्या पुड्यातला खाऊ ठेवतात. आमच्या खोलीतला पुडा बदलायचं काम तिचं. आपण दसऱ्याला पंपाला नारळ फोडतो, त्यातलाच प्रकार.

रविवारी सायकल काढली आणि शहराबाहेर गेलो. कालवा कोरडा, वाफे तडकलेले. बांधावर भूमीच्या देवाचं खुराड्याएवढं देऊळ आहे. मी चपला काढून हात जोडले. एक म्हातारा शेतकरी तिथं उदबत्ती लावत होता. माझ्याकडं बघून हसला.

"परदेशी माणूस आमच्या देवाला ओळखतो?"

"आमच्याकडं पण असाच आहे. शेताच्या कडेलाच असतो."

"मग तुमचा तरी पाऊस पाडतो का?"

"मनात आलं तर."

"सगळीकडं सारखेच," म्हणाला. मग म्हणाला, "सरकारनं मला पीक न काढायचे पैसे दिले. जन्मात पहिल्यांदा झोपायचे पैसे मिळाले आणि झोप येईना. तुम्ही कारखान्यात आहात का?"

मी म्हणालो, नाही, पाहुणा आहे.

असं का म्हणालो कोण जाणे. देवळासमोर म्हणालो. तेव्हापासून स्तोत्र म्हणायला बसलो की मधेच अडकतो.

धर्मराज

*

२२ एप्रिल २०२१

अण्णा,

इसाकचा आवाज आला फोनवर. आपल्या पाणीसंस्थेच्या पंपावर बसून बोलत होता, मागं कावळे ओरडत होते. "धर्माभाऊ, चेअरमनसायबानं तुमचे कागद उघडले बरं का. म्हन्तेत, वाचले न्हाई. मी म्हन्लं, मग चष्मा कावून लावलाय? तर म्हन्ले, माशी बघतोय."

माशी बघत असाल तर हेही बघा.

आमचा उतारा पडलाय. चांगला चढत होता आणि एकदम कोसळला. रेघा नीट उमटेनात, कुठं जाड, कुठं तुटक. यंत्रवाल्यांनी यंत्रं उघडली, लेपवाल्यांनी लेप बदलला. सगळ्यांचं बोट हळूहळू माझ्याकडं वळलं. मला वाटलं, अंगारा नीट पुसला गेला नसेल. खरंच वाटलं. मी कपाळ साबणानं धुवायला लागलो, तरी मनातून जाईना, म्हणून डबीच घरी कपाटात वर ठेवली. तसं सुनं कपाळ घेऊन आठवडाभर वावरलो.

मग त्साईनं शोधून काढलं. अंगारा नव्हता. युरिया होता.

होय, आपल्या पोत्यातला युरिया. टँकरचं पाणी शेताकडेच्या विहिरींतून येत होतं आणि शेतात वर्षानुवर्षं टाकलेला युरिया त्यात उतरला होता. आमच्या जाळ्या मोठाल्या गोष्टी अडवतात; हा बारीक आणि गरीब, ना आंबट ना खारट, कुंपणातून करडू निसटावं तसा निसटतो. जुन्या जाड रेघांना त्यानं काही होत नाही. नव्या पिढीच्या बारीक रेघांना तो सोसत नाही. त्साईनं कागद पुढं ठेवला आणि मी इतका हसलो की तिला वाटलं मला काही झालंय.

तो काढून टाकायची सोय करता येते, पण उभी करायला वेळ लागतो. तोपर्यंत नव्या लाइनला तलावाचंच पाणी हवं. टँकरच्या टाक्या फक्त नव्या लाइनला जोडलेल्या, म्हणून जुन्या लाइनला तलावाचंच लागतं, आणि आमच्या वाट्याचं तलावाचं पाणी तिलाच जेमतेम पुरतं. आमच्या वरच्या लिनसाहेबांचं म्हणणं, सरकारकडं वाढीव पाणी मागू, नाही म्हणणार नाहीत. खरं आहे, म्हणणार नाहीत. पण शेजारच्या जिल्ह्यात आत्ताच आठवड्यातून दोन दिवस नळ बंद असतात. वाढीव पाणी तिथूनच येणार. दुसरा मार्ग एकच, नवी लाइन बंद ठेवायची. दुसऱ्या कंपन्याही याच पिढीच्या मागं आहेत. आम्ही थांबलो तर त्या थांबणार नाहीत.

परवा बैठक आहे. नव्या लाइनच्या पाण्याचा प्रमुख मी, तेव्हा आधी मला बोलायचंय.

आणि मला राहून राहून आपली सभा दिसते. वडिलांनी संस्था काढली तेव्हाचा नियम, पंगतीत वाढप्यानं शेवटी जेवायचं, तसं चेअरमनच्या शेताला पाण्याची पाळी शेवटी. त्या साली सगळ्यांच्या उसाला एकेक पाळी मिळाली. आपला ऊस तेवढा उरला होता आणि तलावात गाळ दिसायला लागला होता. जनावरांना आणि प्यायला ठेवायचं की आपल्या उसाला आणखी एक पाळी सोडायची? तुम्हीच उभं राहून विचारलंत, "पंप बंद करायचा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." देवळाचा मंडप भरला होता आणि एकही हात हलला नाही. सगळे जमिनीकडं बघत होते. मग मी वर केला. मग सगळ्यांनी.

तुम्ही स्वतः जाऊन पंप बंद केलात. गावात एकच ऊस जळाला. संध्याकाळी तुम्ही एवढंच म्हणालात, "बाकीच्यांचं मला काय न्हाई वाटलं, धर्मा. तू कावून केलास बे?"

बरोबर होतं म्हणून केलं, असं म्हणू शकलो असतो. पण तुम्ही ते विचारत नव्हतात.

धर्मराज

*

१४ जून २०२१

अण्णा,

पाऊस झाला. मेअखेरीस सुरू झाला आणि चार दिवसांत तलावांना रंग आला. टँकर गेले. कालव्यांनाही पाणी सोडणार म्हणतात. ज्याचा हंगाम गेला त्याचा गेला.

माझी जागा बदलली आहे. आता दक्षिणेला एका जुन्या कारखान्यात आहे. हवा चांगली आहे, फळं स्वस्त आहेत, पेरू आपल्या गावातल्या गोट्याच्या बागेतल्यासारखे लागतात. काम हलकं आहे. अंगारा दिवसभर लावून बसतो. इथं जाड रेघांचं काम असतं आणि माझी खोली बाहेरच्या अंगाला आहे.

वहिनी म्हणाल्या, तुम्ही त्या उसाच्या वावरात अजून काही लावलं नाही. दोन वर्षं पड आहे म्हणे. "लोकं म्हन्तेत, चेअरमन रुसलेत. मी म्हन्ते, वावरावर रुसून काय हुतंय, वावर काय मनवायला यायलंय का?" असं म्हणून त्या हसल्या, पण आवाज बारीक झाला होता.

बैठकीचं पुढं कधी लिहीन.

धर्मराज

*

२१ ऑगस्ट २०२२

अण्णा,

वर्ष होऊन गेलं. मधे कागद घेऊन बसलो, पण पेरू आणि हवा याच्यापुढं लिहवत नव्हतं. आता लिहितो.

नवी पिढी निघाली. परवा त्साईचा निरोप आला, उतारा पाहिजे तिथं पोचला, कारखान्यात केक कापला. तिनं एका चकतीचा फोटो पाठवला. उजेडात धरली की तिच्यावर मोराच्या पिसासारखे रंग खेळतात. मी तो फोटो नाथांच्या तसबिरीजवळ नेऊन बघितला आणि मग फोन पालथा ठेवला. ती चकती ज्या पाण्यात धुतली त्याचे पाइप मी आखले होते. बाहेर निघाली तेव्हा मी तिथं नव्हतो.

बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, युरियाची सोय होईपर्यंत नवी लाइन बंद ठेवू, तलावाचं सगळं पाणी जुन्या लाइनला देऊ, वाढीव मागू नये. असं म्हटल्यानं कुणाच्या भाताला थेंब मिळणार नव्हता, हेही मला ठाऊक होतं. एवढंच की आणखी कुणाचा नळ बंद होणार नव्हता. लिनसाहेबांनी विचारलं, "लाइन तुमची आहे. तुम्हीच बंद करा म्हणता?" मी म्हणालो, होय.

इथं हात वर करत नाहीत. कुणी काही बोललं नाही की गोष्ट तिथंच संपते. खोली गप्प झाली. सगळे टेबलाकडं बघत होते, आपल्या मंडपात जमिनीकडं बघत होते तसे. आणि अण्णा, त्या गप्प खोलीत उभं राहून मी देवाला काय मागत होतो सांगू? कुणी होय म्हणू नये. प्रस्ताव माझा, बोललो मी, आणि मनातून हात जोडून म्हणत होतो, असंच गप्प राहू दे, म्हणजे मी माझं केलं आणि लाइनही चालू राहिली.

तेवढ्यात त्साई म्हणाली, "सरांचं बरोबर आहे. बंद करावी." मग दुसरा बोलला, मग तिसरा.

मी तिच्याकडं बघितलं. कसं बघितलं ते मला माहीत आहे, कारण तसं माझ्याकडं कुणीतरी एकदा बघितलं होतं. बाकीचे होय म्हणाले त्याचं मला काही वाटलं नाही. हिला मी शिकवलं होतं.

संध्याकाळी जिन्यात गाठून मी तिला विचारलं, "तू का बोललीस?" ती घाबरली. म्हणाली, "तुम्ही उभे होता आणि कुणीच बोलत नव्हतं. बसला असता तर उद्या सगळे म्हणाले असते, सर नुसतं बोलायला बोलले. तुम्हाला तसं कसं सोडू?" आणि रडायला लागली. "तुमची लाइन जाईल हे मला कळत होतं, सर."

गेलीच. लाइन काही आठवड्यांनी परत चालू झाली, पण दुसऱ्या माणसाच्या हाताखाली. लिनसाहेबांनी चहा देऊन सांगितलं, तुमच्या अनुभवाची जुन्या कारखान्याला गरज आहे. हवा चांगली आहे म्हणाले. तेच मी तुम्हाला लिहिलं होतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. इतके दिवस मला वाटत होतं की तुम्ही माझ्यावर रागावलात ते ऊस जळाला म्हणून. उसासाठी नव्हे. तुम्हाला मंडपात वाटत होतं, कुणी हात वर करू नये, आणि ते कुणालाही सांगायची सोय नव्हती. चेअरमन म्हणून विचारलंत आणि माणूस म्हणून नको म्हणत होतात. मी ते बघितलं नाही. मी एवढंच बघितलं की सगळे थांबलेत, कुणाला तुमच्या उसाविरुद्ध हात उचलवत नाही, आणि आणखी थोडा वेळ गेला तर पंप चालूच राहील. मग गाव म्हणालं असतं, चेअरमननं विचारल्यासारखं केलं आणि शेवटी आपलं भिजवून घेतलं. वडिलांचा नियम तुमच्या हातून मोडला असता. दुसऱ्या कुणाचा हात पहिला आला असता तर तो तुमच्याविरुद्ध झाला असता. घरचा आला म्हणून तो तुमच्या बाजूचा.

हे मला तेव्हा कळत नव्हतं. हात आधी गेला. कळलं ते त्या जिन्यात, एका पोरीला रडताना बघून.

सोमवारी फोनवर इसाकचा बोललेला निरोप आला. बातमी आधी वहिनींनी द्यावी असं ठरलं होतं म्हणे, पण याला दम निघाला नाही. "धर्माभाऊ, खुशखबर हाय. त्या वावरात चेअरमनसायबानं ऊस लावला. लई दांडगा फुटलाय. मी म्हन्लं, साब, आता तरी पयली पाळी घ्या, तलाव फुल हाय. तर माझ्यावरच खेकसले, वाढप्याचं पान शेवटी असतंय, इसाक, तुला इतकी वर्षं पंपावर कशाला ठिवलाय?" मग तो थांबला, खाकरला आणि तुमच्या आवाजात म्हणाला, "त्याला म्हनावं, सप्टेंबरात सभा हाय. यायचं तर ये. येताना तो हात घेऊन ये."

तो निरोप मी किती वेळा ऐकला ते विचारू नका. शेजारच्या खोलीतला माणूस आता मला "हात घेऊन ये" एवढं मराठी बोलून दाखवतो.

रजा मिळाली आहे. परत येताना इथं काही दिवस एका खोलीत बसवून ठेवतील, आजाराचे नियम अजून आहेत, बसेन. मांजरसुंब्याला उतरतो, तिथवर इसाक जीप आणतो म्हणालाय. अंगाऱ्याची डबी रिकामी झाली आहे, नाथांच्या गडावरही जायचं आहे.

सभेत या वेळी मी मंडपात समोर बसणार नाही, अण्णा. तुमच्या खुर्चीच्या बाजूला, खांबाशी सतरंजीवर बसेन, लहानपणी वडिलांच्या सभेला बसायचो तिथं. पंपाचा प्रश्न यंदा निघणार नाही, तलाव भरलाय. पण दुसरा कुठला निघाला आणि पहिला हात माझाच गेला, तर तो तुम्हाला समोर दिसणार नाही. मान वळवून बघावं लागेल. तेवढी वळवा.

धर्मराज